गर्दीतील मोटारी आणि विशालकोन भिंग

‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. पुढे १९८६ साली त्याच शहरातील प्रगती मैदानावर ‘ऑटो एक्स्पो’ हे नव्या वाहनांचे प्रदर्शन प्रथम भरले. पहिला सोहळा उघड्या आकाशाखालचा, तर दुसरा छपराखालचा. पहिल्यात पितळेचे दिवे आणि लाकडी आऱ्यांची चाके, दुसऱ्यात विजेच्या झगझगाटात फिरणारे चौथरे. परंतु छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याची अडचण दोन्ही ठिकाणी सारखीच असते. मोटार एक आणि तिच्याभोवती माणसे शंभर! संपूर्ण मोटार चौकटीत यावी म्हणून मागे सरकावे, तर मोकळ्या झालेल्या जागेत तत्काळ चार माणसे येऊन उभी राहतात. ती येऊ नयेत म्हणून पुढे सरकावे, तर मोटारीचे नाक किंवा शेपूट चौकटीबाहेर राहते. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणून विशालकोन भिंगाकडे पाहिले जाते. ते कोणते निवडावे, हे ठरविण्यासाठी शाळेतील भूमितीपलीकडे फारसे काही लागत नाही.

भिंगातून दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते, त्यास त्या भिंगाचे केंद्रांतर म्हणतात. प्रचलित फिल्मची चौकट २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद असते. १९२५ साली बाजारात आलेल्या ‘लायका’ कॅमेऱ्याने हे माप लोकप्रिय केले आणि आजच्या अनेक विद्युत् कॅमेऱ्यांतील संवेदकही त्याच मापाचे आहेत. भिंगाच्या एका बाजूस ही चौकट आणि दुसऱ्या बाजूस समोरचे दृश्य, असे दोन समरूप त्रिकोण कल्पिले, म्हणजे नियम सहज हाती येतो: दृश्याची रुंदी आणि दृश्याचे अंतर यांचे गुणोत्तर हे चौकटीची रुंदी आणि केंद्रांतर यांच्या गुणोत्तराइतकेच असते.

एक उदाहरण घेऊ. ‘अँबॅसडर’ मोटारीची लांबी सुमारे ४.३ मीटर. दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडली, तर ५ मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत बसवावे लागेल. ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या, म्हणजे नेहमीच्या भिंगाने हे साधावयाचे तर छायाचित्रकाराला जवळजवळ ७ मीटर दूर उभे राहावे लागते. ३५ मिलिमीटरच्या भिंगाला ४.९ मीटर पुरतात, २८ च्या भिंगाला ३.९, २४ च्या भिंगाला ३.३ आणि २० च्या भिंगाला २.८ मीटर. प्रदर्शनात मोटारीभोवती दोर बांधलेला असतो आणि प्रेक्षक त्या दोरालगत दाटी करतात. सात मीटरांवरून पाहणाऱ्याला मोटारीऐवजी प्रेक्षकांच्या पाठीच दिसतील. तीन मीटरांवरचा छायाचित्रकार बहुधा त्या गर्दीच्या पहिल्या रांगेत असतो. विशालकोन भिंगाचा खरा लाभ तो हाच. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. ५० वरून ३५ वर येताच दोन मीटर वाचतात. २४ वरून २० वर येताना मात्र केवळ अर्धा मीटर वाचतो, आणि त्यासाठी द्यावी लागणारी किंमत, पैशाची आणि चित्राच्या स्वरूपाची, पुष्कळ अधिक असते.

चित्राच्या स्वरूपाची ही किंमत कोणती? पुष्कळांची अशी समजूत असते की, विशालकोन भिंग वस्तू वेडीवाकडी करते. ती अर्धीच खरी आहे. यथादर्शन, म्हणजे जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसण्याचे प्रमाण, हे भिंगावर नव्हे, तर उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असते. मोटारीच्या पुढच्या दिव्यापासून १ मीटरवर उभे राहिल्यास तिचे मागचे टोक ५.३ मीटर दूर असते. म्हणून दिव्याएवढी वस्तू मागच्या टोकाशी असेल, तर ती पाचपटींहून अधिक लहान दिसेल. तेच चित्र ७ मीटरांवरून घेतले, तर फरक सुमारे दीडपटीचाच राहतो. भिंग कोणतेही असो, या हिशेबात बदल होत नाही. विशालकोन भिंगाचा दोष एवढाच की, ते आपल्याला इतक्या जवळ जाऊ देते! जाहिरातीच्या चित्रात बॉनेट अजस्र आणि मागचा भाग चिमुकला दिसतो, तो यामुळेच.

दुसरा परिणाम चौकटीच्या कडांशी संबंधित आहे आणि तो अधिक मनोरंजक आहे. मोटारीच्या बाजूस कॅमेरा समांतर धरून २४ मिलिमीटरच्या भिंगाने चित्र घेतले, तर कडेशी असलेले चाक बव्हंशी गोलच उमटते, कारण फिल्मला समांतर असलेल्या सपाट आकृतीची प्रतिमा तिच्याशी समरूपच असते. पण त्याच चाकाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे डोके मात्र आडवे ताणलेले दिसते. डोके हे वाटोळे घन आहे. त्याच्याकडून येणारा किरणांचा शंकू फिल्मला तिरका छेदतो आणि तिरका छेद हा लंबवर्तुळ असतो. ताण किती पडतो, हेही काढता येते. चौकटीच्या मध्यापासून उभी कड १८ मिलिमीटर, केंद्रांतर २४ मिलिमीटर. तेव्हा कर्ण ३० मिलिमीटर. तीन-चार-पाचचा तोच परिचित त्रिकोण! ३० भागिले २४, म्हणजे सव्वापट ताण. १४ मिलिमीटरच्या भिंगात तो १.६ पटींहून अधिक भरतो आणि कडेच्या माणसांची मुखे ओळखण्यापलीकडे जातात. या ताणाची परीक्षा वर्गातही घेता येईल. २४ मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेले चित्र दहापट मोठे, म्हणजे ३६ सेंटिमीटर रुंद छापावे आणि एक डोळा मिटून, चित्राच्या मध्यासमोर बरोबर २४ सेंटिमीटरवरून पाहावे. ताणलेली डोकी पुन्हा यथास्थित दिसू लागतात. कारण त्या क्षणी डोळा भिंगाच्या जागी असतो. अर्थात, इतक्या जवळून चित्रे पाहण्याची लोकांना सवय नाही, हे खरे.

याहून निराळा दोष म्हणजे सरळ रेषा पिंपासारख्या फुगणे. तो भिंगाच्या रचनेतला दोष होय आणि आजचे कॅमेरे गणिताच्या साहाय्याने तो बहुतांशी दूर करतात.

विशालकोन भिंगे घडविणाऱ्यांना पूर्वी आणखी एका अडचणीने छळले होते. साध्या रचनेच्या भिंगात कडेकडे जाणारा प्रकाश कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे घटतो. ४५ अंशांवर तो मध्याच्या केवळ चतुर्थांश उरतो. बर्लिनच्या गोर्झ कंपनीच्या १९०० सालच्या ‘हायपरगॉन’ भिंगाने सुमारे १३५ अंशांचा कोन व्यापला होता. परंतु चित्राचा मध्य जळून कडा काळ्या राहू नयेत, यासाठी भिंगापुढे एक चांदणीच्या आकाराची चकती बसवून ती रबरी फुग्यातील हवेने फिरवावी लागे! आरशाच्या कॅमेऱ्यांत वेगळीच अडचण होती. भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलण्यापुरती जागा हवी, आणि आखूड केंद्रांतराचे साधे भिंग तर फिल्मला जवळजवळ भिडलेले असते. १९५० साली फ्रान्समधील पिएर आंजेन्यू यांनी पुढे अपसारी आणि मागे अभिसारी भिंगे अशी रचना करून ३५ मिलिमीटरचे भिंग या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणले. कडांच्या अंधारावरही या रचनेने बराच उतारा मिळाला. आज बिनआरशाचे कॅमेरे रूढ झाल्यामुळे ही भिंगे पुन्हा लहान होऊ लागली आहेत.

प्रकाशाचा विचार सभागृहात विशेष करावा लागतो. चालणारा माणूस १/१२५ सेकंदात सुमारे १२ मिलिमीटर पुढे जातो. तीन मीटरांवरून २४ मिलिमीटरच्या भिंगाने त्याची प्रतिमा १२५ पट लहान होते, म्हणजे ती फिल्मवर ०.१ मिलिमीटर सरकते. दहापट मोठ्या चित्रात १ मिलिमीटर. हे चालण्यासारखे आहे. याहून सावकाश झडप चालविली, तर माणसे पुसट होतात. म्हणून भिंगाचे छिद्र मोठे असणे हिताचे. एफ २.८ छिद्रातून एफ ४ च्या दुप्पट प्रकाश येतो. मोठ्या छिद्रामुळे स्पष्टतेची खोली कमी होते ही भीती येथे फारशी नको: २४ मिलिमीटरचे भिंग एफ २.८ वर ३ मीटरांवर नेमले, तरी सुमारे २.१ ते ५.३ मीटरांपर्यंत सारे स्पष्ट उमटते आणि मोटारीची रुंदी त्यात सहज सामावते. उन्हातल्या फेरीत तेच भिंग एफ ८ वर आणून २.४ मीटरांवर नेमून ठेवावे, १.२ मीटरांपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट राहते आणि धावत्या गर्दीत नेम साधण्याचा त्रासच उरत नाही.

तर मग निवड कोणती? वर दिलेली केंद्रांतरे ३६ मिलिमीटर रुंद चौकटीसाठी आहेत. कॅमेऱ्यातील संवेदक दीडपट लहान असेल, तर त्यांना दीडने भागावे. म्हणजे २४ च्या जागी १६ येतील. निम्म्या मापाच्या संवेदकाला १२ पुरतात. बहुतेक मोबाइल फोनांचे मुख्य भिंगही साधारणतः २४ ते २८ च्या बरोबरीचे असते, त्यामुळे ज्याच्यापाशी फोन आहे, त्याने नवे भिंग घेण्यापूर्वी त्यावरच एक दिवस काढून पाहावा. एकच भिंग घ्यावयाचे असल्यास २८ मिलिमीटरचे घ्यावे. गर्दीतही ते मोटार सामावून घेते आणि कडेच्या माणसांची अवहेलना करीत नाही. २४ ते ३५ हा पल्ला व्यापणारे बदलत्या केंद्रांतराचे भिंग परवडत असेल, तर ते अधिक सोयीचे. २० च्या खालची भिंगे संपूर्ण सभागृह एका चित्रात दाखविण्यासाठी उत्तम. मोटारीसाठी ती प्रथम घेऊ नयेत.

भिंग हाती आल्यावर कॅमेरा समपातळीत धरण्याची सवय लावून घ्यावी. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा ‘जॉन मॉरिस’ हा आगीचा बंब आहे. अशा उंच वाहनाकडे कॅमेरा वर रोखला, तर त्याच्या उभ्या रेषा माथ्याशी एकमेकींकडे झुकतात आणि बंब मागे कलल्यासारखा भासतो. कॅमेरा डोक्यावर उंच धरून, परंतु सपाट ठेवून घेतलेले चित्र अधिक प्रामाणिक येते. आणि त्यात पुढच्या रांगेतील डोकीही खाली राहतात. रंगावरील व काचेवरील चकाकी ध्रुवणकारी गाळणीने पुष्कळ कमी होते, उघड्या क्रोमवरील मात्र होत नाही. विशालकोन भिंगावर ती गाळणी लावून निळे आकाश चित्रात घेऊ नये. आकाशाचा एक पट्टा काळसर आणि उरलेला फिकट उमटतो.

जुन्या मोटारींच्या बाबतीत या सर्व हिशेबाला एक गंभीर बाजू आहे. पुष्कळ जुन्या सांगाड्यांचे मूळ नकाशे आज उपलब्ध नाहीत. मोडलेले मडगार्ड किंवा हरवलेली पुढची जाळी पुन्हा घडविताना कारागीर जुन्या छायाचित्रांचाच आधार घेतो, आणि एक मीटरवरून घेतलेल्या चित्रातून काढलेली मापे त्याला हमखास फसवितात. यास्तव ज्यांना अशा वाहनाची नोंद ठेवावयाची आहे, त्यांनी दार उघडण्यापूर्वी किंवा फेरी निघण्यापूर्वी, पहाटेच्या मोकळ्या वेळी, सात-आठ मीटरांवरून ५० मिलिमीटरच्या भिंगाने बाजूचे, पुढचे व मागचे अशी तीन चित्रे घ्यावीत, आणि मोटारीला टेकवून एक मीटरची पट्टी उभी करावी. गर्दी जमली, म्हणजे मग विशालकोन भिंग चढवावे.