मोठा कंडेन्सर आणि टिकाऊ भार : एक हट्टी गैरसमज

धारणीसारख्या मेळघाटातील गावी वीज केव्हा जाईल आणि गेलेली केव्हा परतेल याचा भरवसा नसल्यामुळे, पुरवठा बंद असतानाही एखादा व्होल्टेज तासन्‌तास राखून ठेवणारे लहानसे मंडल स्वतः जुळवावे असे दुरुस्तीच्या कारागिराला किंवा विज्ञानशिक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु असा विषय निघाला की ‘भार जास्त वेळ टिकवायचा ना, मग मोठा कंडेन्सर घाला’ हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो, की त्याचे निराकरण एकदा सविस्तर करणे भाग आहे.

कंडेन्सरची धारिता वाढते ती त्याच्या पट्ट्यांचे क्षेत्रफळ वाढवल्याने किंवा त्यांमधील रोधक थर पातळ केल्याने, आणि नेमक्या याच दोन कारणांनी त्या थरातून झिरपणारा प्रवाहही तितक्याच पटीने वाढतो. रांजण मोठा घेतला की पाण्याबरोबर त्याची झिरपणारी भिंतही मोठी होते, तसाच हा प्रकार. कंडेन्सर आपोआप रिता होण्याचा काळ म्हणजे धारिता आणि गळतीचा रोध यांचा गुणाकार. या गुणाकारात आकारमान सर्वस्वी छेदले जाते, आणि उरतात ते रोधक पदार्थाचा विशिष्ट रोध व पारविद्युत स्थिरांक हे दोनच गुण. सारांश, भार किती टिकेल याचा निकाल पदार्थ देतो, आकार देत नाही.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी साध्या ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे उत्पादकाचे तपशीलपत्रक उघडावे. गळती मायक्रोअँपिअरमध्ये 0.01 गुणिले मायक्रोफॅरड गुणिले व्होल्ट याहून अधिक नसावी, अशी मर्यादा त्यात बहुधा आढळते. 100 मायक्रोफॅरड, 16 व्होल्टचा कंडेन्सर घेतला तर भार 1600 मायक्रोकूलंब आणि गळती 16 मायक्रोअँपिअर. भागाकार 100 सेकंद. आता दहापट मोठा, 1000 मायक्रोफॅरडचा घ्या : भार 16,000, गळती 160, आणि भागाकार पुन्हा 100 सेकंदच! ही कमाल गळती आहे, ती व्होल्टेज दिल्यावर सुमारे दोन मिनिटांनी मोजतात आणि चांगला नग प्रत्यक्षात पुष्कळ कमी गळतो, हे मान्य. पण उत्पादक हमी देतो ती एवढीच. याउलट चांगल्या पॉलिप्रोपिलीन फिल्म कंडेन्सरच्या पत्रकात हाच काळ किमान 30,000 सेकंद, म्हणजे आठ तासांहून अधिक, असा नमूद असतो. पॉलिस्टायरीन आणि टेफ्लॉन हेही याच उच्च कुळातले. भार ओढणारे मंडल बाहेर जोडलेले असेल तर मोठ्या धारितेचा उपयोग होतो, यात वाद नाही. वाद आहे तो आतल्या गळतीवर तिला उतारा समजण्याविषयी.

आता इतर समजुतींचा थोडक्यात परामर्श.

‘मीटर लावून पाहिला, भार लगेच उतरला.’ तो मीटरनेच उतरवला : नेहमीच्या डिजिटल मीटरचा रोध 10 मेगओहम, तेव्हा 1 मायक्रोफॅरडवरचा व्होल्टेज दहा सेकंदांत 37 टक्क्यांवर येतो.

‘टोके एकदा जोडली की कंडेन्सर रिकामा.’ नाही. रोधकात मुरलेला भार सावकाश बाहेर येतो आणि व्होल्टेज पुन्हा दिसू लागतो. बॉब पीझ या अभियंत्याने 1982 साली ‘ईडीएन’ मासिकात याची मीमांसा केली आहे. पॉलिप्रोपिलीनमध्ये हा दोष अत्यल्प, इलेक्ट्रोलिटिकमध्ये बराच. उच्च दाबाच्या कंडेन्सरच्या बाबतीत तर तो जिवाशी खेळ ठरू शकतो.

‘सुपरकपॅसिटर आणला की चिंता मिटली.’ त्याची धारिता अफाट खरी, पण आपोआप होणारी झीजही मोठी.

‘शेतपंपाचा कंडेन्सर वीज साठवून ठेवतो.’ महावितरण तो बसवण्याचा आग्रह धरते ते पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी. वीज गेल्यावर त्यावर पंप चालत नाही.

‘उत्तम कंडेन्सर आणला की काम संपले.’ येथे तर सर्वाधिक मेहनत वाया जाते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि उष्म्याबरोबर प्रत्येक कंडेन्सरची गळती वाढते. पावसाळ्यात पाटीवर राहिलेले फ्लक्स, धूळ आणि ओल मिळून कंडेन्सरच्या बाहेरूनच भाराला वाट करून देतात. म्हणून डाग दिल्यावर पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि भार राखणारा सांधा शक्यतो टेफ्लॉनच्या आधारावर अधांतरी ठेवावा.

तेव्हा दुकानात मागणी करताना पॉलिप्रोपिलीन आहे काय, हे आधी विचारावे, तपशीलपत्रकातला गळतीचा रोध वाचावा आणि मायक्रोफॅरडचा आकडा सर्वांत शेवटी ठरवावा. हा क्रम पाळला तर पैसाही वाचतो आणि भारही टिकतो.