डंकावरचा एप्रिल

पहिली शिंक कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीच्या तोंडाशीच येते. दुसरी पोत्यांजवळ. तिसरीपर्यंत माणूस सरावतो आणि नाकावर पदर किंवा रुमाल घेऊन पुढं चालू लागतो. रविवार आहे, आठवडी बाजाराचा दिवस. सकाळचे दहा वाजलेत, तरी डांबराची धग चपलेतून जाणवतेय. दुकानांपुढं मिरचीची पोती उभी आहेत, तोंडं खाली दुमडलेली. गर्द, काळपट लाल, सुरकुतलेली ती ब्याडगी. शेजारी बारीक, लांबट ती संकेश्वरी. इथं तिला जवारी म्हणतात. कोपऱ्यातल्या लहान पोत्यात लवंगी. तिच्यात कुणी मूठ घालत नाही, दोन बोटांनी एखादी उचलून बघतात.

मी ज्या दोघींबरोबर आले आहे त्या सासू-सुना. सून सासूला आत्ती म्हणते, म्हणून मीही आत्तीच म्हणते. आत्ती मूठभर मिरची उचलतात, कानाशी नेऊन हलवतात. बिया खुळखुळतात. मग एक मोडून बघतात. कट् आवाज आला की मान हलते.

"रंग हाय. पण नुसत्या रंगाला काय करू? जवारी दाखवा."

"गडहिंग्लजच्या सौद्यातला माल हाय आक्का, बघा तरी."

"समदी तसंच म्हणत्यात," असं म्हणत आत्ती त्याही पोत्यात हात घालतात.

रंगाला ब्याडगी, चवीला जवारी, ठसक्याला चिमूटभर लवंगी. ब्याडगी येते ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातून. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आत्तींना मानांकनाशी कर्तव्य नाही. ३ किलो ब्याडगी, दीड किलो जवारी, अर्धा किलो लवंगी. तराजूचं पारडं टेकतं. ५ किलो मिरची पिशवीत गेली तरी पिशवी हलकीच. नुसती फुगते.

सुनेच्या हातात वहीचं पान आहे. तेलाचे डाग पडलेलं, घडीवर फाटलेलं. किलोभर मिरचीला पाव किलो धने, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा. खाली तीळ, जिरं, खसखस, लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलदोडा, दगडफूल, नाकेश्वर, बादियान, हळकुंड, खडा हिंग, खडेमीठ. अक्षर आत्तींच्या सासूबाईंचं आहे. शेजारणीच्या घरचं पान वेगळं. या गावात कुणी कुणाचं माप चुकीचं ठरवत नाही, फक्त आपलं बदलत नाही. आणि या सगळ्याचं मिळून जे होतं त्याला कोल्हापूरकर मसाला म्हणत नाहीत, चटणी म्हणतात. आमटीत चटणी, रश्श्यात चटणी, मिसळीच्या कटात चटणी. बाहेरून आलेल्या सुनेला पहिलं वर्ष हा शब्द समजण्यातच जातं.

आता कुंभार गल्लीतल्या त्यांच्या घराची गच्ची. दुपारचा एक.

पायऱ्या चढताना भिंतीला हात लागतो आणि झटकन मागं येतो. वर जुन्या साड्या अंथरल्यात, त्यावर मिरची पसरलीय. कडेला विटा, साडी उडू नये म्हणून. शेजारच्या गच्चीवर तेच, पलीकडच्या गच्चीवर तेच. कुंभार गल्लीच्या वरून एखादा पक्षी गेला तर त्याला लाल चौकोनच दिसत असतील. तीन बायका सावलीच्या पट्ट्यात बसून देठं खुडताहेत. सावली सरकली की त्याही बसल्या जागी सरकतात. बोटं थांबत नाहीत. एकीनं हाताला खोबरेल चोपडलंय. तिला विचारते, आग होते का? ती हसते. "दिवसा न्हाई होत. रात्री हुतीया. पोराला जवळ घेताना आठवतंय, मग हात मागं घेतो." एवढं बोलून ती पुन्हा खुडायला लागते. चटणीच्या चवीचं कौतुक मी अनेक ताटांवर ऐकलंय, या हातांचं क्वचित.

पश्चिमेला ढगाचा एक तुकडा आहे. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडं जातं, पण नाव कुणी काढत नाही. वळवाचा पाऊस इथं चारच्या सुमारास येतो आणि दहा मिनिटांत दोन दिवसांचं ऊन धुऊन नेतो. मिरची भिजली की काळी पडते. आत ओल धरली की बुरशी. मग वर्षभर डब्याला वास.

दोन कडक उन्हं झाल्यावर भाजणी. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला शेगडी मागच्या दारात येते. घरात भाजलं तर गल्ली खोकते. मोठी लोखंडी कढई, थोडं तेल. एकेक जिन्नस वेगळा. धने तडतडले की काढायचे, खोबरं तांबूस झालं की काढायचं, खसखस तर नजर हलली की करपते. कांद्याला सगळ्यात जास्त वेळ. अडीच किलो कांदा कढईत ढिगासारखा दिसतो आणि तासाभरात तळाला जातो. आत्ती झारा सोडत नाहीत. कांद्यातलं, लसणातलं पाणी पुरतं गेल्याशिवाय चटणी टिकत नाही. इथं सगळं राखणीचं काम तीन गोष्टींवर आहे: पाणी काढलेलं, मीठ घातलेलं, तेल मुरलेलं. बुरशीला आणि जंतूंना ओल लागते. ती मिळू द्यायची नाही, एवढंच. शास्त्राच्या पुस्तकात याला मोठा शब्द असेल. आत्ती कांदा चिमटीत चुरडून बघतात. चुरचुरला. "हां, आता उतरव."

भाजणी झाली की कांडायला डंकावर. त्याचा आवाज दोन गल्ल्या आधीपासून येतो. धप्-धप्, धप्-धप्. जवळ गेलं की तो कानात न राहता छातीत जातो.

पत्र्याची शेड आहे. दारात डब्यांची रांग. माणसं सावलीला, डबे उन्हात. स्टीलचे, पत्र्याचे, रंगाच्या रिकाम्या बादल्या, एक जुना तेलाचा डबा. प्रत्येकावर खडूनं आकडा. आमचा ३१. आत १४ चाललाय. फळ्यावर किलोचा दर, त्याखाली ठळक अक्षरात: ओली मिरची कांडून मिळणार नाही.

"कवा लागंल ओ नंबर?"

"बसा की मावशी. तीन वाजत्यात."

"सकाळी बी तीनच म्हणालासा."

रांगेत कुणी घाईत नाही, पण कुणी डब्यावरची नजरही काढत नाही. एक म्हातारी बाई आपल्या डब्याच्या झाकणावरच बसून राहते. एक तरुण मुलगा आईच्या जागी आलाय. आई फोनवरून सांगतेय, तो मान डोलावतोय. कुणीतरी कलिंगड कापतं. फोडी ओळखीपाळखीशिवाय फिरतात. शिंका येतच असतात, त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

आत मोटारीच्या पट्ट्यावर लोखंडी मुसळांची ओळ वरखाली होतेय. एक वर, एक खाली. खाली उखळी. डंकवाल्यानं तोंडाला ओला पंचा बांधलाय, डोळे तेवढे उघडे, पापण्यांवर लाल धूळ. मुसळ वर गेलं की त्याचा हात आत जातो, मिरची उलथवतो, मुसळ यायच्या आत बाहेर येतो. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मी श्वास धरून बघते. तो माझ्याकडं न बघता म्हणतो, "ताई, जरा मागं सरा." गिरणीत दोन मिनिटांत पीठ होईल, मग इथं ताटकळायचं कशाला? कारण चक्कीत चटणी तापते आणि तेल-वास उडतो, असं रांगेतल्या प्रत्येकीचं म्हणणं. कांडून निघालेली चटणी मी चिमटीत घेते. कोमट आहे. बोटाला तेल लागतं.

आमचा नंबर पावणेचारला लागतो. आधी मिरची, चाळण, चाळणीवरचं पुन्हा उखळात. मग खडा मसाला. मग कांदा, खोबरं, लसूण, मीठ, आणि शेवटी सगळं एकत्र. रंग पायरीपायरीनं बदलतो. लाल, विटकरी, मग तो काळसर तांबडा, जो फक्त इथलाच. आत्ती उखळाशेजारी उभ्या आहेत, घामानं कपाळाचं कुंकू ओघळलंय. त्या बोटावर चटणी घेऊन जिभेला लावतात. सगळी शेड त्यांच्या चेहऱ्याकडं बघते. "मीठ आणि मूठभर."

घरी येऊन वजन केलं तर दहा किलोला थोडं कमी. पाच माणसांचं घर. सून हिशेब करते: दिवसाला साधारण २५ ग्रॅम. म्हणजे पाच-सहा दिवसांच्या राबण्यातून पुढच्या ३६५ दिवसांचा तांबडा रंग.

चिनी मातीच्या दोन बरण्या उन्हात तापवून कोरड्या केल्यात. आत्ती चटणी दाबून भरतात. हवा राहू द्यायची नाही. मध्ये हिंगाचा खडा, वर मिठाचा थर, मग पांढरं फडकं बांधून दादरा.

आणि इथं, त्याच स्वयंपाकघरात, सुनेचा दुसरा कारभार सुरू होतो. ती शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे, सकाळी साडेआठला घर सोडते. फ्रीजरचं दार उघडते तेव्हा गार वाफ बाहेर येते. आत चपट्या पिशव्या, पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या. प्रत्येकीवर कागदी पट्टी: वाटण, तांबडं, तारीख. आळणी, मटणाची, अर्धा लिटर. राजमा, उकडलेला. कांदा-खोबऱ्याचं वाटण ती बर्फाच्या साच्यात घालते. गोठलं की वड्या काढून पिशवीत. दोन वड्या म्हणजे चौघांची आमटी.

"पिशवी चपटी का?" मी विचारते.

"लवकर गोठतंय. हळूहळू गोठलं की बर्फाचे खडे मोठे होतात, मग वितळल्यावर पाणी सुटतं."

ती शिकून शिकून इथवर आलीय. बटाटा घातलेला रस्सा गोठवत नाही, बटाटा भुसभुशीत होतो. पांढरा रस्सा तर नाहीच. नारळाचं दूध वितळलं की फाटल्यासारखं दिसतं. शिजवलेलं पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून दोन तासांच्या आत फ्रीजरमध्ये जायला हवं. उणे १८ अंशांवर जंतू मरत नाहीत, नुसते निजतात, म्हणून एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. आत्ती ऐकत असतात. पहिल्यांदा त्यांना हे शिळं वाटलं होतं. आता रविवारी वाटणासाठी कांदा त्याच भाजून देतात.

पुण्याच्या पोराचं पार्सल वेगळं. तीन किलो चटणी दुहेरी पिशवीत, वर वर्तमानपत्र, वर दोरी. रात्रीच्या बसला द्यायचं. गोठवलेलं काही देत नाहीत. २३० किलोमीटरचा रस्ता आहे, वितळून जाईल.

दुसरी बरणी माळ्यावर जाते. मी सहज विचारते, इतक्या उंच? आत्ती भिंतीकडं बोट करतात. रंग दिलाय, तरी छातीच्या वर एक फिकट आडवी रेघ दिसते. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा. कुंभार गल्लीत नाव फिरली. वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं. "फ्रीजमधलं समदं गेलं," सून म्हणते. आत्ती म्हणतात, "बरणी तेवढी हातात घेऊन बाहेर पडलो."

साडेसहाला खिडकी आपटते. धुळीचा वास, मग मातीचा. गच्चीवर पावलं धावतात. शेजारणीची मिरची अजून वरच आहे. आम्हीही धावतो. साड्यांची टोकं धरून चौघीजणी खाली येतो तोवर थेंब टपोरे झालेत. चार-दोन मिरच्या पायरीवर सांडल्या. त्याही वेचल्या जातात.

दिवे जातात.

"फ्रीजर उघडू नकोस गं," सून अंधारात मुलीला सांगते. गच्च भरलेला, दार न उघडलेला फ्रीजर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एकच. आज तो भरलेला आहे.

आत्ती मेणबत्ती लावतात. दुपारच्या ज्वारीच्या भाकऱ्या टोपल्यात आहेत. ताटलीत आजची चटणी, मध्ये खळगा, खळग्यात तेल. त्या बोटानं कालवतात आणि पहिला तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवतात.