सुट्टी वसतिगृहात

शाळकरी मुलांना कॉलेजसाठी तयार करणारी अमेरिकेतली ‘अपवर्ड बाउंड’ ही केंद्र सरकारची योजना १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यातून निघाली. निवडलेल्यांपैकी निदान दोन तृतीयांश मुलं गरीब घरची हवीत आणि त्यांच्या आईवडिलांकडे पदवी नसावी, असा नियम. शाळा सुरू असताना वर्षभर शिकवणी, उन्हाळ्यात बहुधा सहा आठवडे कॉलेजच्या वसतिगृहात मुक्काम. गणित, प्रयोगांसह विज्ञान, साहित्य, निबंधलेखन आणि परकीय भाषा शिकवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. मुलांना भत्ता देता येतो, पण उन्हाळ्यात महिना जास्तीत जास्त ६० डॉलर, म्हणजे हातखर्चापुरताच!

खरा भार असतो तो निवासी मार्गदर्शकांवर. हे बहुतेक कॉलेजचेच विद्यार्थी, काही तर याच योजनेतून पुढे आलेले. दिवसा गणितं सोडवून घ्यायची, रात्री खोल्याखोल्यांतून हजेरी घ्यायची आणि दिवे मालवल्यावर घरच्या आठवणीनं रडवेल्या झालेल्या पोराशेजारी जिन्यात बसून राहायचं. त्यापुढे शिकवणं सोपं म्हणायचं.

ऑस्करविजेती अभिनेत्री व्हायोला डेव्हिस या योजनेची माजी विद्यार्थिनी आहे.