पिकअप बदलावी की चालवावी? खानदेशातल्या अकरा वर्षांचा हिशेब

ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने डिझेलच्या दरावरचे नियंत्रण उठवले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. या दोन निर्णयांच्या मधली अकरा वर्षे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या पिकअपमालकाने एका प्रश्नाशी झुंजत काढली. जुनी गाडी रेटावी, की अॅव्हरेज जास्त देणारी नवी घ्यावी? रावेर-यावलची केळी, चाळीसगाव-पारोळ्याचा भाजीपाला, साक्री-शिंदखेड्याचा कांदा, दोंडाईच्याची मिरची, असा कुठलाही माल घ्या, गाडीची चौकशी "अॅव्हरेज किती देते?" इथूनच सुरू होते. या काळाचे आकडे समोर मांडले की मला ठामपणे वाटते, अॅव्हरेजला आपण त्याच्या लायकीपेक्षा जास्त वजन दिले. गाडी बदलणे परवडले की नाही, हे ठरवले ते वर्षभरात पडणाऱ्या किलोमीटरने, परतीच्या भाड्याने आणि हप्त्याने.

मागची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मॅटाडोर आणि ४०७ यांच्या जमान्यात छोटा माल बहुतेक ट्रॅक्टर-ट्रॉलीने किंवा तीनचाकीने जाई. २००५ मध्ये टाटाची एस आली, ७०२ सीसीचे, सोळा अश्वशक्तीचे इंजिन घेऊन. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले आणि मालवाहतुकीचा धंदा गावातल्या बेरोजगार पोराच्या आवाक्यात आला. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली. बोलेरो पिकअपने तर शेतरस्त्यांवर आपली जागा पक्कीच केली. थोडक्यात, २०१४ पर्यंत गावोगावी पिकअप पोचली होती आणि तिच्यामागे हप्ताही पोचला होता.

डिझेलचा प्रवास सरळ चढणीचा नव्हता, हे विसरले जाते. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला पन्नास पैशांची वाढ सुरू होती. नियंत्रण उठले तेव्हा जगात कच्चे तेल घसरत होते, म्हणून दर आधी खाली आले. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने अबकारी कर टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि घसरणीचा मोठा वाटा गाडीमालकाच्या हाती आलाच नाही. जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत गाड्या दारात उभ्या असताना, डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपयांची आणि मे २०२२ मध्ये ६ रुपयांची केंद्राची करकपात झाली, जुलै २०२२ मध्ये राज्याने ३ रुपये कमी केले आणि मार्च २०२४ मध्ये आणखी २ रुपये उतरले. या सगळ्या वर-खालीनंतर दर नव्वदीच्या आसपास स्थिरावला.

आता हिशेब करू. जुनी पिकअप लिटरला ११ किलोमीटर देते आणि नवी १४ देईल, असे धरा. गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर चालते. डिझेल ६० रुपये होते तेव्हा जुन्या गाडीला वर्षाचे १,०९,००० रुपयांचे डिझेल लागे. ९२ रुपयांना तेच १,६७,००० होते. म्हणजे वर्षाला ५८,००० रुपयांचा नवा बोजा. ही झळ खरी आहे. मात्र नवी गाडी घेतली तर ९२ रुपयांच्या दराने वाचतात सुमारे ३६,००० रुपये. दर ६० असतानाही २३,००० वाचलेच असते. म्हणून दरवाढीमुळे नव्या गाडीच्या बाजूने पडलेले जादा वजन जेमतेम साडेबारा हजारांचे आहे. डिझेल दीडपट झाले म्हणून गाडी बदलायलाच हवी, असे या काळात सर्रास बोलले गेले. आकडे तसे म्हणत नाहीत. दरवाढीचा मोठा भाग वसूल व्हायला हवा होता तो भाड्यातून, आणि भाडे वाढवून मागण्याची ताकद एकट्यादुकट्या गाडीवाल्यात नव्हती. मग राग इंजिनावर निघाला.

दुसरी बाजूही मांडू. नवी गाडी बॉडी, पासिंग, विमा धरून साडेदहा लाखांना पडली, जुनीचे तीन लाख आले आणि साडेसात लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, असे समजा. हप्ता १६,१०० रुपयांच्या घरात जातो आणि पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच ७३,००० रुपये होते, डिझेलच्या बचतीच्या दुप्पट. पाच वर्षांची सरासरी काढली तर व्याज वर्षाला ४३,००० पडते. त्यात घसारा धरा. साडेदहाची गाडी पाच वर्षांनी साडेचारला गेली तर वर्षाला १,२०,००० गेले. तीनची जुनी दीडवर आली तर ३०,०००. फरक ९०,००० रुपयांचा. नवीला पूर्ण विमा घ्यावा लागतो, त्याचे जादा १०,००० धरू. थर्ड पार्टी दोन्हींना सारखीच लागते. साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीला जून २०२२ पासून १६,०४९ रुपये. एकूण जादा बोजा १,४३,०००. जुन्या गाडीचे पंप-नोझल, क्लच प्लेट, पाटे, बेअरिंग, इंजिनाचे काम यांवर वर्षाला ४५,००० जादा जातात असे मोकळ्या हाताने धरले, तरी ९८,००० शिल्लक राहतात. किलोमीटरमागे बचत एक रुपया ऐंशी पैसे. भागाकार केला की उत्तर येते वर्षाला सुमारे ५५,००० किलोमीटर. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, सीमारेषा पाच-सात हजारांनी इकडेतिकडे सरकेल. ती २०,००० वर मात्र येत नाही.

आता ५५,००० किलोमीटर कोणाचे पडतात ते पाहा. धुळ्याहून वाशीच्या बाजारात रात्री भाजीपाला घेऊन जाणाऱ्याचे पडतात. एका बाजूचे अंतर सव्वातीनशेच्या घरात आहे. वर्षाला नव्वद खेपा झाल्या तरी आकडा गाठला जातो. त्याला येताना किराणा, प्लास्टिक, सुटे भाग असे भाडे मिळाले, तर नवी गाडी त्याच्यासाठी शहाणपणाची आहे आणि या वर्षांत ती तशी ठरली. केळीच्या गाडीचे काम निराळे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, फण्या धुऊन खोक्यांत भरण्याची पद्धत वाढली. तरी शेतातून पॅकहाउसपर्यंत किंवा मोठा ट्रक उभा असतो त्या रस्त्यापर्यंतचे अंतर दहा-वीस किलोमीटरच राहिले. घड कापून खांद्यावरून बांधापर्यंत येतात, हौद्यात केळीच्या पानांचा थर पडतो, त्यावर घड रचले जातात; तोवर तासभर गाडी उभी. मग काळ्या जमिनीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर बाहेर निघणे, आणि माल उतरवून रिकामे परत येणे. अशा कामात कंपनीच्या पत्रकातला अॅव्हरेजचा आकडा दोन्ही गाड्यांना लागू पडत नाही आणि दोघींमधला फरकही आकसतो. वर्षाचे किलोमीटर वीस हजारांच्या आसपासच राहतात. या माणसाने अॅव्हरेजसाठी साडेसात लाखांचे कर्ज काढले असेल, तर तो डिझेलचे पैसे वाचवून फायनान्स कंपनीला देत राहिला.

यावर पहिला आक्षेप असा की, जुनी गाडी ऐन कापणीत दगा देते. केळी थांबत नाही, आणि एकदा खेप चुकली की व्यापारी दुसऱ्याला फोन करतो. हे मला पूर्ण मान्य आहे. पण मग गाडी बदलण्याचे कारण भरवसा आहे, अॅव्हरेज नव्हे, आणि ते त्याच मापाने मोजावे. वर्षात किती दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली आणि त्या दिवसांचे भाडे किती बुडाले, हे लिहून काढले की उत्तर मिळते. चार दिवस बुडाले असतील तर गाडी नीट करून घेणे स्वस्त. तीस दिवस बुडत असतील तर ती गाडी विकायलाच हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नव्या गाड्या माल जास्त नेतात. बारा क्विंटलच्या पासिंगऐवजी सतरा क्विंटल मिळाले, तर शंभर क्विंटलला नऊऐवजी सहा खेपा लागतात. डिझेल, वेळ, चालकाचा पगार सगळेच वाचते. सप्टेंबर २०२२ मध्ये दोन टनांची योद्धा आली, एप्रिल २०२३ मध्ये बोलेरो मॅक्सची नवी श्रेणी आली, त्यामागे हीच मागणी होती. माझ्या मते गाडी बदलण्याचे सर्वांत चांगले कारण हेच. अडचण एवढीच की मागे जादा पाटे घालून बाराच्या गाडीत अठरा-वीस क्विंटल भरण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. तसे भरणाऱ्याच्या खेपा नव्या गाडीने फारशा कमी होत नाहीत. त्याला मिळतो तो कायदेशीरपणा आणि वेळेवर लागणारा ब्रेक. याची किंमत कमी लेखू नये. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत. एका चलनात वर्षभराच्या डिझेल बचतीचा निम्म्याहून मोठा भाग जातो. आणि लळिंगच्या उतारावर भरलेली गाडी थांबली नाही, तर जीवच जातो.

तिसरा मुद्दा बीएस-६ चा. १ एप्रिल २०२० पासून फक्त बीएस-६ गाड्या विकता आल्या. धूर कमी झाला, डिझेलमधले गंधकही ५० वरून १० पीपीएमवर आले, आणि हे चांगलेच झाले. रस्त्याकाठच्या माणसाच्या फुप्फुसाचाही हिशेब असतो. पण दुरुस्तीचे स्वरूप बदलले. जुन्या गाडीचे नोझल गावातला मिस्त्री बाकावर खोलून देई. आता सेन्सर बिघडला की दिवा पेटतो, इंजिन जोर धरत नाही, आणि स्कॅनर असलेल्या ठिकाणी जळगावला किंवा धुळ्याला गाडी न्यावी लागते. नवीन म्हणजे बिनखर्ची, हे वॉरंटीपुरते खरे आहे. सीएनजीचेही तसेच: किलोमीटरचा खर्च कमी येतो, १ एप्रिल २०२२ पासून राज्याने त्यावरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तरी पंपावरची रांग आणि टाकीचे वजन धरूनच हिशेब करावा लागतो. शहरात फिरणाऱ्या गाडीला तो जमतो. सातपुड्याच्या पायथ्याशी केळी भरणाऱ्याला पंप जवळ आहे का, हे आधी पाहावे.

या काळाने सर्वांत कठोर धडा दिला तो मार्च २०२० मध्ये. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवण्याची मुभा दिली. व्याज मात्र थांबले नाही. नवी गाडी घेऊन बसलेल्याचे कर्ज उभ्या गाडीवर वाढत गेले, बिनकर्जाची जुनी गाडी असलेल्याने नुसती ताडपत्री टाकली. आपल्याकडे तर दर काही वर्षांनी मान्सूनपूर्व वादळ रावेर-यावलच्या बागा आडव्या करते आणि महिनोन्‌महिने भाडी आटतात. हप्ता त्या वादळाला ओळखत नाही. त्यात "फ्लॅट सात टक्के" ऐकून अनेक जण फसतात. पाच वर्षांचे फ्लॅट सात टक्के म्हणजे घटत्या शिल्लकेवर सुमारे साडेबारा टक्के. साडेसात लाखांवर, वरच्या साडेदहा टक्क्यांच्या तुलनेत, हा फरक हप्त्यामागे साडेसातशे रुपयांचा पडतो.

सप्टेंबर २०२५ च्या करकपातीने चित्र थोडे हलले. करासह दहा लाखांची गाडी त्या हिशेबाने पावणेआठ टक्क्यांनी, म्हणजे ७८,००० रुपयांनी स्वस्त झाली. वीस हजार किलोमीटर चालणाऱ्याची ही दोन वर्षांहून अधिक काळाची डिझेल बचत आहे. मात्र नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो, म्हणून पूर्ण फायदा पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला. बदलणाऱ्याला त्यातला थोडाच भाग.

तेव्हा गाडीमालकांना एक विनंती. सही करण्याआधी एक पूर्ण हंगाम वहीत चार रकाने लिहा: टाकी फुल ते टाकी फुल किलोमीटर, भरलेले आणि रिकामे फेरे, बुडालेले दिवस, दुरुस्तीचा खर्च. फायनान्सवाल्याकडून घटत्या शिल्लकेचा दर लेखी घ्या. आणि केळी ग्रुप, पॅकहाउस, व्यापारी यांच्याशी हंगामाचे भाडे ठरवताना त्या दिवशीचा डिझेलचा दर कागदावर टाकून, तो पाच रुपयांनी वाढला की भाडे किती वाढेल, हे तिथेच लिहून घ्या.