सुट्टी नातवंडांची, कसोटी आजी-आजोबांची

मे महिना उजाडला की माझ्या दवाखान्यात नियमित तपासणीला येणारे अनेक ज्येष्ठ रुग्ण दिसेनासे होतात. जूनच्या मध्यास शाळा उघडल्या की तेच परततात. कुणाचा रक्तदाब वाढलेला, कुणाचे गुडघे सुजलेले. गेल्या वर्षी सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची साखर फारच वाढलेली आढळली. कारण विचारताच त्या संकोचून म्हणाल्या, “डॉक्टर, मुलगा-सून दोघेही कामावर. नातवंडांच्या मागे धावताना गोळ्यांची वेळ कधी टळते, कळतच नाही. घरी मात्र सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.”

वाचकहो, नातवंडांचा सहवास उतारवयात सुख देतो, यात शंका नाही. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत, ऐन उन्हाळ्यात, दीड महिना मुले सांभाळणे हे पूर्ण वेळेचे काम आहे. ते निमूटपणे अंगावर घेतले, की औषधे, दुपारची विश्रांती आणि फिरणे या तिन्ही गोष्टी सुटतात.

हा भार केवळ घराने का वाहावा? २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मात्र पाळणाघर लहानग्यांसाठी. शाळकरी मुलांची सुट्टी त्यात सामावत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पालक असलेल्या पुरुषांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळू शकते. खासगी नोकरीत बरेचसे मालकाच्या समजुतीवर अवलंबून असते.

ही समजूत फार खर्चिक नाही. सुट्ट्यांच्या तारखा आधीच ठाऊक असतात; तेव्हा रजांचे वेळापत्रक मार्चमध्येच ठरवता येते. आई-वडिलांना आळीपाळीने सकाळची पाळी, अर्ध्या दिवसाची रजा किंवा आठवड्यातून दोन दिवस घरून काम देता येते. लहान दुकानदारही आपल्या नोकराला दुपारी दोन तास मोकळे करू शकतो. आणि ही सवलत केवळ आईने मागावी असे नाही; वडिलांनीही मागावी.

आपण काय करावे? सुट्टीपूर्वीच मुलगा-सुनेला, लेक-जावयाला आपल्या शक्तीची मर्यादा स्पष्ट सांगावी. रोजचे किती तास जमतील ते ठरवावे. गोळ्यांसाठी घड्याळाचा गजर लावावा. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी मनानेच दुप्पट घेऊ नये. जड मूल वारंवार कडेवर उचलणे टाळावे. तपासणीची तारीख सुट्टीतही पाळावी.

त्या आजींच्या संमतीने मी त्यांच्या मुलाशी बोललो. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने कार्यालयात विनंती केली आणि यंदाच्या सुट्टीपुरती त्याला सकाळची पाळी मिळाली. दुपारी तीननंतर मुले त्याच्याकडे असत. या मे महिन्यात आजी तपासणीला ठरल्या दिवशी आल्या, नातवाचा हात धरून. साखर आटोक्यात होती.