ठोकलं, धडकलं की लागलं?

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर, नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोदा आणि शहाद्याच्या मध्ये कुठेतरी, पिकअप आणि मोटारसायकलचा अपघात झाला असं समजू. टपरीवर चहा पिणारे तिघे साक्षीदार. पहिला म्हणतो, ‘पिकअपवाल्याने ठोकलं.’ दुसरा म्हणतो, ‘मोटारसायकल जाऊन धडकली.’ तिसरा म्हणतो, ‘पिकअप जराशी लागली अन् तो पडला.’ पाहिलं तिघांनी एकच. पहिल्याने दोष पिकअपवाल्याच्या माथी मारला, दुसऱ्याने मोटारसायकलस्वाराच्या. तिसऱ्याने दोष तर काढलाच नाही, वर अपघातातला वेगही काढून घेतला.

यात सांगणाऱ्याचं मत दिसतं, एवढ्यावर हे थांबत नाही. आपटण्या-आदळण्याचं क्रियापद ऐकणाऱ्याच्या आठवणीतही ढवळाढवळ करतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली ४५ विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या सात छोट्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न सगळ्यांना सारखाच, फक्त एक शब्द वेगळा. कोणाला विचारलं, गाड्या ‘स्मॅश’ झाल्या तेव्हा वेग किती होता. कोणाला ‘कोलाइड’, कोणाला ‘बम्प’, कोणाला ‘हिट’, तर कोणाला नुसतं ‘कॉन्टॅक्ट’. ‘स्मॅश’वाल्यांचं उत्तर सरासरी ताशी ४०.८ मैल आलं, ‘हिट’वाल्यांचं ३४ आणि ‘कॉन्टॅक्ट’वाल्यांचं ३१.८. फिती त्याच, फरक ताशी नऊ मैलांचा, म्हणजे साधारण साडेचौदा किलोमीटरचा.

गंमत पुढेच आहे. यातल्या चार टकरी मुद्दाम घडवलेल्या असल्याने त्यांचा खरा वेग ठाऊक होता. ताशी २० मैलांच्या टकरीला विद्यार्थ्यांनी सरासरी ३७.७ मैल दिले आणि ४० मैलांच्या एका टकरीला ३६.१! नजरेने वेग मोजण्यात माणूस इतका कच्चा, की शब्दाला आत शिरायला आयती फट मिळते.

पण कोणी म्हणेल, हा नुसता अंदाजाचा खेळ झाला, आठवण कुठे बदलली? त्यासाठी दुसरा प्रयोग झाला. १५० विद्यार्थ्यांना एक अपघात दाखवला; ५० जणांना ‘स्मॅश’ वापरून वेग विचारला, ५० जणांना ‘हिट’ वापरून, उरलेल्यांना वेगाचं काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘स्मॅश’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती ‘आठवली’. ‘हिट’वाल्यांत असे ७ निघाले आणि वेगाचं काहीच न विचारलेल्यांत ६. वर्गात बसून पडद्यावर पाहिलेला अपघात आणि डोळ्यांदेखत रक्त सांडलेला अपघात सारखा नव्हे, हे खरं. तरीही ती न फुटलेली काच विसरता येत नाही.

शब्दात ही काच लपते कुठे? भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७० साली मारण्याची आणि मोडण्याची क्रियापदं वेगळी काढली. काही क्रियापदं फक्त आघात सांगतात, काही आघातानंतरची अवस्था. त्यांची उदाहरणं इंग्रजीतली, पण कसोटी मराठीतही चालते. ‘त्याच्या पायावर मारलं’ म्हणता येतं आणि ‘त्याला पायावर मारलं’ही. ‘त्याचा पाय मोडला’ ठीक, पण ‘त्याला पायावर मोडलं’ असं कोणीच म्हणत नाही. शेतातही तेच. ‘तूर झोडली, पण ओली होती, दाणे सुटले नाहीत’ हे वाक्य चालतं, कारण झोडण्यात फक्त काठीचे फटके आहेत. ‘मिरची ठेचली, पण ती अख्खीच राहिली’ म्हटलं, तर नंदुरबारात लोक हसतील. ‘स्मॅश’ हा असा ठेचण्याच्या जातीचा शब्द. त्याच्या पोटात चुराडा आधीच आहे. ‘हिट’ त्या मानाने झोडण्याच्या जातीचा.

आपलं ‘मारणे’ तर भलतंच बेरकी. मुळात ते ‘मरणे’चं प्रयोजक रूप, म्हणजे जीव घेणे. पुढे त्याला नुसत्या फटक्याचाही अर्थ चिकटला. ‘कुत्र्याला मारलं’ म्हणजे बहुधा एखादा दगड भिरकावला. ‘कुत्रा मारला’ म्हणजे कुत्रा गेला. एका ‘ला’ प्रत्ययावर जीव टांगलेला! जबाबात माणसाबद्दल ‘त्याला मारलं’ एवढंच लिहिलं असेल, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? म्हणूनच ‘जिवे मारलं’, ‘ठार मारलं’ असे जोडशब्द लागतात.

नंदुरबारात हा गुंता आणखी वाढतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले दर शंभरातले ६९ लोक अनुसूचित जमातींचे. भाषाही अनेक: धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, शिवाय भिली, देहवाली, अहिराणी आणि गुजरी. साक्षीदार पाहतो एका भाषेत, विचारणारा विचारतो दुसऱ्या भाषेत आणि कागदावर उतरते ती मराठी. त्या कागदावर ‘ठोकलं’ यावं की ‘लागलं’, हे कितीदा तरी लिहिणाऱ्याच्या सवयीवर ठरतं. पुढे सगळे तोच कागद वाचतात.

प्रश्नातल्या शब्दांचा हा धोका कायद्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने सरतपासणीतल्या, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूनेच घेतलेल्या तपासणीतल्या, सूचक (उत्तर सुचवणाऱ्या) प्रश्नांना लगाम घातला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. मात्र हा लगाम कोर्टातला. पहिला प्रश्न विचारला जातो रस्त्यावर, दवाखान्यात किंवा चौकीत, तोवर आठवण ओलीच असते. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन यांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांशी बोलण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात साक्षीदाराला मध्ये न तोडता आधी त्याच्याच शब्दांत सगळं सांगू देतात. नेमके प्रश्न नंतर. आपल्याकडे याला एक जोड द्यायला हवी: साक्षीदाराने वापरलेलं क्रियापद पावरी असो की अहिराणी, आधी ते जसंच्या तसं देवनागरीत टिपायचं आणि त्याची मराठी शेजारी लिहायची.