ग्रीष्माअखेरीच्या सरोवरांतील बास मासा : स्थान व आमिष

पाणी तापले की मासा थंडाव्यासाठी तळ गाठतो, असा सर्वसाधारण समज आहे. उत्तर अमेरिकेतील मोठ्या तोंडाच्या बास माशाच्या बाबतीत तो फसवा ठरतो. विस्कॉन्सिनमधील मेंडोटा सरोवर सुमारे २५ मीटर खोल आहे. ऑगस्टमध्ये त्याच्या पाण्याचे थर पडलेले असतात : वर उबदार व हलके पाणी, तळाशी थंड व जड, आणि मध्ये उष्णतामान झपाट्याने उतरणारा संधिथर. ह्या थरामुळे वरचे पाणी खाली मिसळत नाही. तळाशी कुजणारी द्रव्ये तेथील प्राणवायू संपवितात. बर्ज व ज्यूडे यांनी १९११ मध्ये विस्कॉन्सिनच्या सरोवरांसंबंधी ह्या घटनेचे सविस्तर विवेचन केले.

आमिषाची निवड ह्यावरूनच ठरते. तळाशी सोडलेला गळ मत्स्यहीन पाण्यात पडतो. पहाटे व सायंकाळी पाणवनस्पतींच्या उथळ कडेला तरंगते आमिष, तर दुपारी त्यांच्या खोल कडेला, परंतु संधिथराच्या वरच, सावकाश ओढलेले मऊ कृत्रिम गांडूळ उपयोगी पडते. मात्र तप्त पाण्यात दमलेला मासा लवकर सावरत नाही; तो सोडावयाचा असल्यास अविलंब सोडणे हेच इष्ट होय.